वज्रदंती औषध की शृंगार? एक उपवासाचा प्रश्न



गेल्या दशलक्षणातली गोष्ट. चौथा दिवस, उत्तम शौचाचा. आमच्या महालातल्या मंदिरात दुपारचा स्वाध्याय संपला आणि सतरंज्या गोळा करता करता एका नव्या सुनेनं विचारलं, "काकू, उपवासाला ब्रश करायचा की नाही?" शौच धर्म लोभाशी संबंधित आहे, दातांशी नाही, हे तिलाही माहीत होतं. पण तिचा प्रश्न खरा होता. दहा उपवास धरले होते तिनं आणि चौथ्याच दिवशी तोंडाला वास यायला लागला म्हणून पदर तोंडावर धरून बोलत होती बिचारी.

उत्तरं चारी बाजूंनी आली. एक आजी म्हणाल्या, मुनिराज दात घासत नाहीत, अदंतधावन हा त्यांचा मूलगुण आहे, मग आपण दहा दिवस राहिलो तर काय बिघडलं? दुसरीनं सांगितलं, नुसतं बोट फिरवावं. तिसरीचं म्हणणं, पेस्ट गिळत नाही ना आपण, मग कसला दोष? आणि चौथीनं तर सगळ्यांना गप्पच केलं. "वज्रदंती चालते. ते औषध आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. औषधाची सूट असतेच व्रतात."

सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही. कारण गेली तीस-पस्तीस वर्षं आमच्या मोरीतल्या फळीवर तीच पिवळी-लाल नळी आहे. पण मी बी.कॉम. आहे. हिशेब आणि कायदा असं कानावर पडलं की मला पाहिल्याशिवाय झोप येत नाही. त्या वेळी मीही उपवासाचे दहा दिवस पेस्टला हात लावत नव्हते आणि माझ्या हिरड्यांचं काय झालं होतं ते पुढे सांगतेच. आधी वज्रदंतीचं.

माझं माहेर कारंज्याचं. तिथं आमच्या वाड्यात दात घासायच्या तीन तऱ्हा होत्या. आजी बाभळीचा कोळसा आणि मीठ वस्त्रगाळ करून डबीत ठेवायची. आई माकडछाप काळं दंतमंजन वापरायची. बाबा तालुक्याच्या कचेरीत होते, त्यांच्यासाठी फोरहॅन्सची ट्यूब यायची. ती पत्र्याची नळी शेवटापासून गुंडाळत गुंडाळत ते महिना काढायचे आणि आम्हां मुलांना सणासुदीला वाटाण्याएवढी मिळायची. फोरहॅन्स ही त्या काळची 'हिरड्यांची' पेस्ट. अमेरिकेतल्या डॉक्टर फोरहॅन नावाच्या दंतवैद्यानं काढलेली आणि आपल्याकडे जेफ्री मॅनर्स कंपनी ती विकायची. त्यात तुरट द्रव्य असतं, हिरड्या आवळल्या जातात, अशी तिची ख्याती होती. बिनाका गाण्यांमुळे गाजली, फोरहॅन्स हिरड्यांमुळे.

चौथी तऱ्हाही होती, पण ती कोणी मोठ्यानं सांगत नसे. शेजारपाजारच्या बायका मिसरी लावायच्या, तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी भुकटी. दात घासायचं निमित्त, आणि तासभर तोंडात ती धरून बसायचं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी केली. म्हणजे तोवर विकतच्या मंजनातही तो राजरोस असे. आपल्यात तंबाखूचा त्याग असतो, तरी लाल-काळ्या मंजनाच्या डबीत नेमकं काय आहे हे आपल्या आज्यांपैकी कितीजणींनी कधी विचारलं असेल?

आता विको. हे नाव आपल्या गावाशी जोडलेलं आहे हे पुष्कळजणींना माहीत नसतं. केशव विष्णू पेंढारकर हे नागपूरचे, इथं त्यांचं छोटं किराण्याचं दुकान होतं. ते बायकामुलांना घेऊन मुंबईला गेले, निरनिराळे छोटे धंदे करून पाहिले आणि १९५२ मध्ये परळला घरातच दंतमंजन करायला लागले. विष्णू हे वडिलांचं नाव. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, तिची आद्याक्षरं म्हणजे विको. आयुर्वेद जाणणाऱ्या मेहुण्यांची त्यांना मदत झाली. घराचं स्वयंपाकघर हाच कारखाना, असं या कंपनीची गोष्ट सांगणारे मोठ्या कौतुकानं सांगतात. मला मात्र स्वयंपाकघरात कारखाना म्हटलं की आधी त्या घरची बाई दिसते. बाभूळ, खैर, बकुळ, जांभूळ यांच्या साली कुटायच्या, चाळायच्या, आणि त्याच ओट्यावर भाकरीही थापायची. शिकेकाई घरी कुटणाऱ्या बाईला विचारा, नाकातोंडात किती जातं ते.

मंजन दारोदार फिरून विकलं. मग मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकून धंद्यात आला. पावडर आधी आली, पेस्ट नंतर. हे मला महत्त्वाचं वाटतं. मंजन बोटानं लावायचं असतं. शहरातल्या माणसांच्या हातात ब्रश आल्यावर त्याच जिनसांना पांढरी-गुलाबी मलई करून नळीत भरावं लागलं. डोंबिवलीला कारखाना झाला, नागपुरातही झाला, गोव्यातही. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर ती जाहिरात लागायची, आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' ही मालिका विकोनं प्रायोजित केली, तेव्हापासून तर घराघरात. केशवरावांचे दुसरे चिरंजीव यशवंत पेंढारकर कायद्याचे पदवीधर. कंपनीचं जे मोठं कोर्टप्रकरण झालं त्यात त्यांचाच पुढाकार होता. पुढे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातच वारले.

वेष्टनावर अठरा वनस्पती लिहिलेल्या असतात. वज्रदंती म्हणजे आपली काटेरी पिवळी कोरांटी, पूजेला फुलं येतात तीच. शिवाय बाभूळ, खैर, बकुळ, जांभूळ, बोर, लवंग, दालचिनी, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, अक्कलकाढा, अनंतमूळ, कबाबचिनी, मायफळ वगैरे. इतवारीत जडीबुटीच्या दुकानात जाऊन उभं राहिलं की यातले निम्मे जिन्नस वासानं ओळखू येतात. दात घासायची काडी तुरट, तिखट किंवा कडू असावी असं चरकसंहितेत सांगितलं आहे. हा अठरा जणांचा गोतावळा बहुतेक त्याच तीन चवींचा.

एका ताईंनी मागे विचारलं होतं, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ ही तर मुळं, मग जमीकंदाचा त्याग असणाऱ्यांनी काय करायचं? माझं उत्तर साधं आहे. हळद आणि सुंठ आपण ज्या न्यायानं घेतो, त्याच न्यायानं. ओलं आलं चालत नाही, वाळलेली सुंठ चालते. या मुळ्याही वाळवून, कुटूनच येतात.

तर ते कोर्टप्रकरण. एक्साइज, म्हणजे केंद्रीय उत्पादन शुल्क, हा कारखान्यातून माल निघतानाचा कर. जुन्या कायद्यात औषधांचा खण वेगळा आणि प्रसाधनांचा वेगळा. निव्वळ आयुर्वेदिक औषधाला सवलत, आणि पावडर-स्नो-क्रीमवर जबर कर. १९७५ मध्ये विकोनं हळदीचं क्रीम काढलं. त्याच दशकात खात्यानं म्हटलं की हे क्रीम आणि ही वज्रदंती औषधं नव्हेत, प्रसाधनं आहेत, तेव्हा त्या हिशेबानं कर भरा. कंपनी ठाण्याच्या न्यायालयात गेली आणि जिंकली. मुंबई उच्च न्यायालयातही जिंकली. मग १९८५ चा नवा शुल्क कायदा आला आणि खात्यानं पुन्हा तोच प्रश्न उकरून काढला. शेवटी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. जवळजवळ तीस वर्षं! तेवढ्यात एखाद्या मुलीचं बारसं होऊन लग्नही होतं.

आता यातली मेख. महालातून एस.टी. स्टँडकडे जाताना बैद्यनाथ चौक लागतो ना, त्या बैद्यनाथांचं लाल दंतमंजनही याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. समोर खातं तेच, नागपूरचं. आणि तिथं निकाल बरोब्बर उलटा लागला. १९९५ मध्ये न्यायालय म्हणालं की करकायदा वाचताना शास्त्रातला अर्थ बघायचा नाही, बाजारात सामान्य माणूस ती वस्तू काय म्हणून घेतो ते बघायचं. लाल मंजन लोक रोज दात घासायला घेतात, वैद्यानं लिहून दिलं म्हणून नाही. त्यात भर बहुतेक गेरूचा. तेव्हा ते औषध नव्हे. पुढे कायद्यातली व्याख्या बदलली म्हणून बैद्यनाथ पुन्हा लढले, तरी २००९ मध्ये न्यायालयानं आधीचंच मत कायम ठेवलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला गंमत वाटली. एकीकडे खातं म्हणत होतं, कायदा बदलला, आता पुन्हा तपासा. दुसरीकडे कंपनी तेच म्हणत होती. दोघांनाही मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ एकच: कायद्याचे शब्द बदलले म्हणून डबीतली वस्तू बदलत नाही. म्हणून एकाच शहराच्या दोन डब्या, दोन्ही आयुर्वेदाचं नाव सांगणाऱ्या, एक औषध ठरली आणि एक प्रसाधन.

तेव्हा आमच्या स्वाध्यायातल्या ताईंना मी आदरानं सांगते, सुप्रीम कोर्टानं 'वज्रदंतीनं हिरड्या बऱ्या होतात' असं काही म्हटलेलं नाही. 'व्रतात चालते' असं तर नाहीच नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न कराचा होता. आणि आता तोही संपला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्टचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचावर आला आणि औषधांचाही बारावरून पाचावर. तीस वर्षं ज्यासाठी वकिलांच्या पिढ्या पोसल्या, ते दोन खण आज एकाच दरात आहेत.

पण आपला प्रश्न तसा सुटत नाही, कारण आपल्या व्रतांतही हेच दोन खण आहेत. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात उपवासाच्या दिवशी काय सोडायचं ते सांगितलं आहे: पाच पापं, अलंकार, आरंभ, गंध, पुष्प, स्नान, अंजन आणि नस्य. त्या यादीत दात घासणं नावानं आलेलं नाही. आता ज्यानं तोंडाला सुवास येतो ती पेस्ट गंधात धरायची का? गोड चव असते म्हणून आहारात धरायची का? रात्री चारही आहारांचा त्याग असतो, त्यातल्या स्वाद्यात लवंग-वेलचीही येते, आणि वज्रदंतीत लवंग आहेच. म्हणजे सूर्यास्तानंतर ती पेस्ट तोंडात घेणाऱ्यानं स्वतःला हा प्रश्न विचारायला हवा. मी तो वर्षानुवर्षं विचारला नाही. रात्री ब्रश केलाच नाही, प्रश्न मिटला.

मुनींच्या अदंतधावनाचं बघू. अठ्ठावीस मूलगुणांत ते आहे, अस्नान आहे, केशलोच आहे, भूमिशयन आहे, दिवसातून एकदा उभ्यानं हातात आहार आहे. मुनिराज एकदाच घेतात, त्यातही कोणी गोड सोडलेलं, कोणी तूप, कोणी मीठ. आहारानंतर पाण्यानं मुखशुद्धी करतात. नंतर पुढच्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि आपण? सकाळी चहा, दहाला खाकरा, जेवण, चारला पुन्हा चहा-बिस्किट, सूर्यास्ताच्या आत घाईघाईनं पोटभर, वरून पेढा. अठ्ठावीसांतला हा एकच गुण तेवढा आपल्याला सोपा वाटतो, कारण त्यात काही करावं लागत नाही. आजींना मी हे तोंडावर बोलले नाही. इथं लिहिते आहे, त्या मोबाइलवर वाचतील तेव्हा वाचतील.

माझ्या हिरड्यांची गोष्ट आता सांगते. सहा-सात वर्षांपूर्वीपासून पेरू खाल्ला की फोडीवर लाल डाग दिसायचा. मी वज्रदंती बोटानं जास्त वेळ चोळायचे. चोळलं की हिरड्या घट्ट वाटायच्या, चार दिवस बरं वाटायचं. दरवर्षी दशलक्षणानंतर मात्र रक्त वाढायचं. उपवासाची उष्णता, असं आम्ही म्हणायचो. मागच्या वर्षी खालचा एक पुढचा दात हलायला लागला, तेव्हा मुलीनं धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एक बारीक, खुणा असलेली सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. माझी कुठे पाच, कुठे सहा. त्या म्हणाल्या, "काकू, हाड झिजलंय. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखू."

मी विचारलं, पण मी तर हिरड्यांचीच पेस्ट वापरते. त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. दातांवर रोज एक चिकट थर बसतो, त्यात सूक्ष्म जीव वाढतात. हिरडी सुजते ती त्यानं. ओला असतो तोवर तो ब्रशनं निघतो. राहिला तर लाळेतल्या चुन्यानं घट्ट होतो, मग तो कुठल्याच पेस्टनं निघत नाही, वज्रदंतीनं नाही, परदेशी महागड्या पेस्टनंही नाही. तो यंत्रानंच काढावा लागतो. बाभूळ-खैरातला तुरटपणा हिरडी आवळतो, लवंगेनं ठणका कमी होतो. म्हणून बरं वाटतं. थर मात्र जागच्या जागी. आजीच्या कोळसा-मिठापासून फोरहॅन्स ते वज्रदंती, सगळ्यांनी आपल्याला तो तुरट दिलासा दिला. घासण्याचं काम हाताचंच होतं, आणि ते मीच दहा-दहा दिवस बंद ठेवत होते.

दहा दिवस म्हटल्यावर त्यांनी एक जुना प्रयोग सांगितला. डेन्मार्कमध्ये १९६५ साली लोए नावाच्या दंतशास्त्रज्ञानं निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. माझ्या अंगावर काटा आला. दशलक्षणाचे दिवस नेमके दहाच, आणि काहीजणी तर सोळाकारणाचा पूर्ण महिना धरतात. तरुण, निरोगी तोंड त्यातून सावरतं. पण आधीच पायरिया असेल, मधुमेह असेल तर तसं सहज सावरत नाही. मधुमेहानं हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आवरत नाही, असं दोन्ही बाजूंनी चालतं. आपल्या स्वाध्यायात साठीच्या पुढच्या बायकांत साखरेच्या गोळ्या नसणाऱ्या किती, हाताची बोटंही उरतील मोजायला.

माझं मत आता स्पष्ट लिहिते, पटलं नाही तर जरूर भांडा. उपवासात पेस्ट नको, हे मला मान्य आहे. पण ब्रश सोडू नका. औषध की शृंगार हा वाद पेस्टबद्दल आहे. नुसता कोरडा मऊ ब्रश दातांवर फिरवण्यात गंध नाही, चव नाही, अलंकार नाही, आहार तर नाहीच. केर काढण्यासारखंच ते आहे. एकाशन असेल तर जेवण झाल्याबरोबर, पाणी बंद व्हायच्या आत, ब्रश करून चूळ भरा. त्यासाठी उकळलेलं प्रासुक पाणी घ्या. निर्जल उपवास असेल तर कोरडा ब्रश, आणि फटींतून दोरा. रात्रीही तसंच. दोन महिने मी रात्री कोरडाच ब्रश करते आहे, सवय व्हायला आठवडा लागला. ज्यांनी महाराजांकडून किंवा माताजींकडून नियम घेतला आहे त्यांनी मात्र त्यांनाच विचारावं. मी गृहिणी आहे, प्रायश्चित्त देणारी नाही. विचारताना एवढं सांगा की डॉक्टरांनी हाड झिजल्याचं सांगितलं आहे. नुसतं "ब्रश चालतो का" विचारलं तर "नाही चाललं तर बरं" असंच उत्तर येणार.

आणि हिंसेचा विचार करणाऱ्यांसाठी. आपल्यातल्या कितीतरी घरी जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत आहे. का? उष्ट्यात जीवांची उत्पत्ती होऊ नये म्हणून. माझ्या सासूबाई तर ताट बोटानं पुसून पुन्हा धुवायच्या. मग दातांच्या फटीत रात्रभर राहिलेलं उष्टं कोणत्या ताटातलं? ताटाबाबत एवढी काटेकोर असलेली मी तोंडाचा विचार चाळीस वर्षं केला नाही.

पेस्ट घेताना काय बघायचं हेही सांगते, कारण 'आयुर्वेदिक' हा शब्द दिसला की आपण डोळे मिटतो. आयुर्वेदात वनस्पतीच असतात असं नाही. जुन्या मंजनांच्या पाठांत समुद्रफेन येतो. नाव फेसाचं, पण ते समुद्रातल्या एका प्राण्याच्या अंगातलं हाड. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अशी याचिका गेली की एका मोठ्या कंपनीच्या दंतमंजनावर हिरवा ठिपका आहे आणि घटकांत समुद्रफेन आहे. खरं-खोटं न्यायालय बघेल. आपण ठिपक्यावर न थांबता मागची बारीक अक्षरं वाचायची. मध दिसला तर तो आपल्याला वर्ज्यच. ग्लिसरीन तेलापासूनही होतं आणि चरबीपासूनही, तेव्हा वनस्पतिजन्य लिहिलेलं नसेल तर कंपनीला पत्र टाकून विचारायचं. मी दोन कंपन्यांना विचारलं, एकीचं उत्तर आलं. दातांना कीड लागणाऱ्या नातवंडांसाठी फ्लोराइडची पेस्ट लागते, डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलं आहे. वज्रदंतीत फ्लोराइड नाही. म्हणून आमच्या फळीवर आता दोन नळ्या आहेत. वज्रदंती मी सोडलेली नाही. चव सवयीची आहे, आणि आपल्याच गावच्या माणसानं घरात कुटून सुरू केलेली गोष्ट आहे, त्याचंही थोडं आहेच. फक्त तिच्याकडून मी आता हिरड्या बऱ्या करून घेत नाही.

त्या नव्या सुनेला मी त्याच संध्याकाळी एक नवा मऊ ब्रश नेऊन दिला. तिनं उरलेले सहा दिवस कोरडा वापरला, आणि पारण्याच्या दिवशी पदर न धरता सगळ्यांशी क्षमा मागत फिरली. आजींनी मात्र काही ब्रश घेतला नाही. "माझे दात उरलेत कुठे," म्हणाल्या, आणि हसल्या. तोंडात वरचे दोन, खालचे तीन. पण परवा त्यांच्या सुनेचा फोन आला होता, त्या डॉक्टरीणबाई शनिवारी किती वाजेपर्यंत बसतात ते विचारायला.